ज्या पानावर अंक आपोआप उघडतो

प्रश्न : ताई, मी ४४ वर्षांची. जुळे सोलापुरात राहते, घरीच शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून पुण्याला पाठवते. दुपारी अडीच ते चार एवढाच वेळ माझा स्वतःचा. दोन वर्षांपासून त्या वेळात शृंगारकथा वाचते. एकाच लेखकाची कादंबरी घेतली की पन्नास पानांपुढं सरकत नाही. पण वेगवेगळ्या लेखकांच्या कथा एकत्र असलेलं पुस्तक मिळालं की खाली ठेववत नाही. त्यातल्याही सगळ्या कथा आवडतात असं नाही. मैत्रीण म्हणते, तुला धड एक कुणी आवडत नाही, मन चंचल आहे तुझं. तसं असेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही, चंचलपणा नाही. धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

नव्या पेठेत आमची मासिकं-पुस्तकं भाड्यानं देणारी लहानशी लायब्ररी होती. बावीस वर्षं मी तिथं बसले. दिवाळीत मागणीच्या अंकाच्या दोन-दोन प्रती घ्यायचो. संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्याची जत्रा भरायची तेव्हा, अंक परत यायला लागत आणि मी पाठीला खळ लावायला बसे. फार वाचलेला अंक टेबलावर ठेवला की आपोआप एका पानावर उघडतो. एका वर्षी एकाच अंकाच्या दोन प्रती दोन वेगळ्या पानांवर उघडल्या. एक प्रत रेल्वे लाइन्सच्या बाजूला फिरली होती, ती नवरा-बायकोच्या एका धीट कथेवर. दुसरी साखर पेठेत फिरली होती, ती अशा कथेवर की जीत कुणी कुणाला हातसुद्धा लावत नाही. अंगणात पाणी भरणाऱ्या माणसाची भिजलेली पाठ एक बाई खिडकीतून बघते, एवढंच. अंक एकच, किंमत एकच, आणि सोलापुरातल्याच बायकांना त्यातून दोन निराळ्या गोष्टी हव्या होत्या. तेव्हापासून ‘बायकांना काय आवडतं’ असं कुणी ठामपणे सांगायला लागलं की मला पटत नाही.

रहस्यकथेत लेखकाची आणि आपली आवड जुळली नाही तरी चालतं, खून कुणी केला हे कळेपर्यंत आपण वाचतो. शृंगारकथेला आपल्या शरीरानं होकार द्यावा लागतो. लेखकाला जिथं रेंगाळावंसं वाटतं, तिथं आपल्याला वाटलं नाही तर तीनशे पानं म्हणजे परक्याच्या अंथरुणात काढलेला मुक्काम. एकाला संवादात रस, एकीला वाट बघण्यात, तिसऱ्याला नुसती घाई. अनेकांच्या संग्रहात नको ती कथा दोन पानांत सोडता येते आणि त्याचं वाईटही वाटत नाही. आणि न आवडलेल्या कथाही उपयोगी पडतात बरं का. अमुक नको, हे कळत कळतच आपल्याला काय हवं ते कळतं. चाळिशी ओलांडल्यावर ते कळू लागलं तर त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. मला तर आनंद वाटला तुमचं पत्र वाचून.

आणि ही आवड आपल्या मातीत फार जुनी आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ घ्या, दोन-दोन ओळींच्या कवितांचा, म्हणजे गाथांचा, संग्रह. भाषा महाराष्ट्री प्राकृत, आपल्या मराठीची पूर्वज. हाल म्हणतो, कोटीभर गाथांमधून या सातशे निवडल्या. कवी अनेक, आणि टीकाकारांनी दिलेल्या नावांत रेवा, अनुलक्ष्मी अशी बायकांचीही नावं आहेत. त्यातली ती सून आठवते? घरी मुक्कामाला आलेल्या वाटसरूला ती बजावते : सासूबाई इथं झोपतात, मी इथं, उजेड आहे तोवर नीट बघून ठेव, रात्री दिसत नाही म्हणून माझ्या अंथरुणावर पडशील. दोन ओळींत सगळं आलं. पुढच्या पानावर शेतकऱ्याची बायको, त्याच्या पुढं रुसलेली कुणी, गोदावरीचा काठ. दर गाथेला नवं घर आणि नवा जीव. तुम्ही दुपारी अडीचला जे करता ते हेच. लावणीकार राम जोशी तर आपल्या सोलापूरचेच, त्यामुळं शृंगार या गावाला नवा नाही.

लिहिणाऱ्यांच्या बाजूनंही एक गोष्ट आहे. आख्खं पुस्तक शृंगाराचं काढायला ज्यांचा धीर होत नाही, ते दहा जणांच्या सोबतीनं एक कथा लिहितात, आणि कधी कधी ती त्यांची सगळ्यात खरी कथा असते. भीती उगाच नव्हती. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं ते १९६९ साली. र. धों. कर्व्यांवर तर आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून खटला झाला होता, आणि १९३४ साली त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. मी हे सदर लिहायला बसते तेव्हा ते माझ्या मनात असतं.

अमेरिकेत सूझी ब्राइटनी १९८८ मध्ये बायकांनी लिहिलेल्या शृंगारकथांचा ‘हेरॉटिका’ हा संग्रह संपादित केला. आपल्याकडं रुचिर जोशींनी २००९ मध्ये ‘इलेक्ट्रिक फेदर’ काढला. दोन्ही इंग्रजी. मराठीत असं काम आणखी व्हायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

घेताना मात्र संपादकाकडं बघा. बारा नावं असून सगळ्या कथा एकाच साच्याच्या असतील, बाई नेहमी पंचविशीचीच असेल, ‘नाही’चा अर्थ कुणी ‘हो’ धरत असेल, तर नावं बारा असली तरी नजर एकच. तसलं पुस्तक सरळ परत करा.

प्रश्न : बायकोला असा कथासंग्रह भेट द्यावा म्हणतो. लग्नाला १९ वर्षं झाली. तिला राग येईल का?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : आधी तिला विचारा, मग द्या. दिल्यावर ‘वाचलंस का’ म्हणून मागं लागू नका. आणि तुम्ही आधी वाचलं असेल तर तुमच्या आवडत्या कथेचं पान दुमडलेलं ठेवू नका. कोरी प्रत आणा.