पहिल्या गोल्फ स्पर्धेला जाताय?

घाबरू नका हो. साताऱ्याहून पुण्याला खेळायला जाणार, तर खंबाटकी घाटातली गर्दी धरून पहाटेच निघा. धापा टाकत पहिल्या टी-वर (जिथून पहिला फटका मारतात तिथे) पोचलात की बॉल झाडीत गेलाच समजा.

- बॅगेत 14 पेक्षा जास्त क्लब (गोल्फच्या काठ्या) नकोत.
- बॉलवर पेनाने ठळक खूण करा. दुसऱ्याचा मारलात तर 2 फटके दंड.
- हरवलेला बॉल 3 मिनिटंच शोधता येतो. शंका आली की सोबत्यांना सांगून प्रोव्हिजनल (पहिला हरवलाच तर चालवायचा राखीव बॉल) मारा, मगच पुढे चाला.

आणि फटके लिहायचं कार्ड! माझ्या कार्डावर एकदा सहाच्या जागी पाच पडले होते; मी न बघता सही ठोकली. थेट बाद. प्रत्येक होलचा आकडा ताडून बघा.

आदल्या रात्री यूट्यूब बघून स्विंग बदलायचा नाही, बरं का.