होस्टिंग घेण्याआधी बाहेर पडायचा रस्ता बघा

प्रश्न : पाण्याचे पंप दुरुस्त करणं आणि त्यांचे सुटे भाग विकणं हा आमचा व्यवसाय. मी, धाकटा भाऊ आणि तीन कारागीर. चार वर्षांपूर्वी भाच्याच्या मित्राने वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर वेबसाइट करून दिली. पंचवीस-तीस पानं, सुट्या भागांचे फोटो आणि चौकशीचा फॉर्म. डोमेन म्हणजे साइटचा पत्ता, होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची जागा, सगळं त्यानेच घेतलं, पैसे आम्ही दिले. चार वर्षांचा प्लॅन तेव्हा एकरकमी स्वस्तात मिळाला होता. आता रिन्यूअलला वर्षाचा दर तिप्पट सांगतायत, आणि साइट इतकी रेंगाळते की गिऱ्हाइकं फोन करून तक्रार करतात. कंपनी बदलायची म्हटलं तर जिथे बघावं तिथे ‘अनलिमिटेड’ आणि ‘९९.९ टक्के अपटाइम’. ताई, यातून निवडायचं कसं?

उत्तर : दादा, कंपनी नंतर बघू. आधी आज संध्याकाळी त्या भाच्याच्या मित्राला फोन लावा आणि विचारा, डोमेन कोणाच्या खात्यात आहे आणि त्या खात्याला ईमेल कोणाचा जोडलाय? होस्टिंग ही भाड्याची जागा, ती केव्हाही बदलता येते. डोमेन गेलं तर तुमच्या बिलावर, पाटीवर, कार्डावर छापलेला पत्ताच गेला. २०१८ पासून बहुतेक डोमेनच्या मालकाचं नाव सार्वजनिक नोंदीत झाकलेलं असतं, त्यामुळे बाहेरून बघून कळेलच असं नाही. खात्यात शिरूनच बघावं लागतं.

मी गेली सोळा वर्षं छोट्या व्यवसायांच्या साइट सांभाळते आहे. या सगळ्या काळात माझी सर्वांत मोठी धावपळ झाली ती फर्निचर बनवणाऱ्या एका बाईंच्या डोमेनपायी. साइट करणाऱ्या मुलाने ते आपल्या कॉलेजच्या ईमेलवर घेतलं होतं. कॉलेज संपलं, तो ईमेल बंद झाला, आणि मुदत संपत आल्याच्या सूचना कोणी उघडत नसलेल्या पेटीत पडत राहिल्या. एका सोमवारी साइट गेली. सोबत ईमेलही गेला, कारण तोही त्याच डोमेनवर. मुलाचा ठावठिकाणा लागेपर्यंत कित्येक आठवडे उलटले. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, काही दिवस, जास्तीत जास्त ४५, ते आपल्याकडे ठेवू शकते. मग ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ येतो, त्यात डोमेन परत मिळतं पण जबर दंड भरून. पुढचे ५ दिवस कोणालाच हात लावता येत नाही, आणि त्यानंतर जो आधी येईल त्याचं. आम्ही पोहोचलो तेव्हा रिडेम्प्शनचे आठ दिवस उरले होते. मुलगा भला निघाला, त्याने ओळखपत्र पाठवून, रजिस्ट्रारच्या मागे लागून डोमेन सोडवलं. तोवर त्या बाई रोज सकाळी मला फोन करायच्या आणि ‘आलं का?’ एवढंच विचारायच्या.

तेव्हा खातं तुमच्या नावाचं, ईमेल तुमचा आणि ओटीपी तुमच्या फोनवर येईल अशी व्यवस्था करून घ्या. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा सांकेतिक शब्द, लागतो. डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमाप्रमाणे तो मागितल्यापासून ५ दिवसांत मिळायला हवा. नवीन घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डोमेन मात्र ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही, म्हणून मुदतीच्या शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. शक्य असेल तर डोमेन एकीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवा. ‘होस्टिंगवर डोमेन फुकट’ ही सोय दिसते, पण उद्या होस्टिंगवाल्याशी वाजलं तर दोन्ही किल्ल्या त्याच्याच खिशात असतात.

आता साइट रेंगाळते त्याबद्दल. दोष होस्टिंगचाच आहे हे धरून चालू नका. एक साधी तपासणी करा. ‘नमस्कार’ एवढा एकच शब्द लिहिलेली टेक्स्ट फाइल होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधल्या फाइल मॅनेजरमधून साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये टाका आणि फोनवर उघडा, एकदा सकाळी आणि एकदा गर्दीच्या वेळी. ती फाइल झटकन उघडते आणि मुख्य पान मात्र लटकतं, असं झालं तर दुखणं साइटच्या आत आहे. बहुतेक वेळा मला सापडतात ते फोनवरून काढून तसेच चढवलेले फोटो, एकेक चार-पाच एमबीचा. पंपाच्या इंपेलरचा फोटो पानावर हाताच्या तळव्याएवढा दिसणार, त्याला एवढा आकार कशाला? रुंदी १२०० पिक्सेल करून वेबपी या हलक्या फोटो-स्वरूपात ठेवला तर तोच फोटो साधारण शंभर-दीडशे केबीत बसतो आणि नजरेला फरक जाणवत नाही. शिवाय न वापरलेले प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, काढून टाका, आणि तयार पान साठवून झटकन दाखवणारं कॅशिंगचं एक बसवा. एवढं करून साइट पळायला लागली, तर कंपनी बदलायची घाई उरणार नाही.

साधी फाइलही लटकत असेल तर मात्र सर्व्हर, म्हणजे साइट ठेवलेला संगणकच, दमलेला आहे, किंवा लांब आहे. अंतराचा हिशेब सोपा आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १० हजार किलोमीटरवर असेल तर एका जाण्यायेण्यालाच सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि पान यायला सुरुवात होण्याआधी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात अशा तीन-चार फेऱ्या होतात. म्हणून विकत घेण्याआधी विचारा की सर्व्हर कोणत्या शहरात आहे. गिऱ्हाइकं जिथे, त्याच्या जवळचा घ्या.

‘अनलिमिटेड’ हा शब्द दिसला की तिथेच थांबून खालची बारीक अक्षरं वाचा. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच मशीनवर शेकडो साइट नांदतात, सगळ्यांना सगळं अमर्याद मिळेल कसं? मर्यादा असते, फक्त दुसऱ्या नावाने. एक असते आयनोडची, म्हणजे फाइलींच्या संख्येची. वर्डप्रेसच्याच हजारो फाइली असतात, आणि त्याच जागेत ईमेल ठेवले तर प्रत्येक ईमेल ही आणखी एक फाइल. दुसरी मर्यादा सीपीयूची आणि एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची. ती ओलांडली की साइट मंदावते किंवा एरर दाखवते. हे आकडे कंपनीने स्पष्ट लिहिलेले नसतील तर लेखी मागा. तुम्हाला लागणार किती, तेही मोजा. दिवसाला १०० जण आले, प्रत्येकाने ४ पानं बघितली आणि पान २ एमबीचं धरलं, तर दिवसाला ८०० एमबी, महिन्याला २४ जीबी. छोट्या शेअर्ड प्लॅनमध्येही हे सहज बसतं. व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा फक्त तुमच्यासाठी राखलेला हिस्सा, घ्या असं कोणी गळी उतरवत असेल तर घेऊ नका. व्हीपीएसवर सुरक्षेचे अपडेट बसवणं ही तुमची जबाबदारी होते, आणि तुमच्याकडे ते करायला माणूस नाही.

९९.९ टक्के अपटाइमचंही, म्हणजे साइट चालू राहण्याच्या वेळेचंही, असंच. वर्षाचे तास ८,७६०. त्याचा हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास. एवढा वेळ साइट बंद राहिली तरी कंपनीचा शब्द मोडत नाही. ९९ टक्के म्हणणारा तर साडेतीन दिवसांहून जास्त मुभा घेतो. आणि शब्द मोडला तरी बहुधा मिळते ती त्या महिन्याच्या भाड्यातली थोडी सूट. तुमचं बुडालेलं काम त्यात धरलेलं नसतं. मी या आकड्याला फारसं महत्त्व देत नाही.

मी महत्त्व देते ते सपोर्टला आणि बॅकअपला.

सपोर्टची परीक्षा पैसे भरण्याआधी घ्या. रात्री साडेनऊला, सुट्टीच्या दिवशी, त्यांना लिहा : ‘माझी साइट जुन्या पीएचपीवर आहे. तुमच्याकडे आवृत्ती मला स्वतःला बदलता येते का? आणि बॅकअपवरून साइट परत आणायची झाल्यास पैसे लागतात का?’ पीएचपी म्हणजे वर्डप्रेस ज्यावर चालतं ती प्रोग्रामिंगची भाषा, आणि तुमच्यासाठी हा खोटा प्रश्नही नाही. साइट चार वर्षांपूर्वीची आहे, ती पीएचपी ७.४ वर असू शकते, आणि त्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलेत. आलेलं उत्तर नीट वाचा. तुमच्या दोन्ही प्रश्नांना नेमकं उत्तर आहे का, की ठरलेला मजकूर चिकटवून प्लॅन विकत घ्यायची लिंक पाठवली आहे? साइट बंद पडेल त्या दिवशी याच माणसांशी तुमची गाठ आहे.

बॅकअपच्या बाबतीत मी हट्टी आहे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएचक्लाउड या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. जगभरच्या असंख्य साइट बंद पडल्या. ज्यांचा बॅकअप दुसरीकडे होता ते सावरले. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांतल्या काहींचं सगळंच गेलं. तुमच्या होस्टिंगवाल्याचा ‘रोजचा बॅकअप’ कुठे ठेवलेला असतो हे विचारा, आणि काहीही उत्तर आलं तरी महिन्यातून एकदा स्वतःची प्रत उतरवून घ्या. फाइली आणि डेटाबेस, दोन्ही. नुसत्या फाइली उतरवणारे मी पुष्कळ बघितलेत. वर्डप्रेसमध्ये पानांचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो, फाइलींत नाही. एकदा तरी ती प्रत रिकाम्या जागी बसवून साइट उभी राहते का ते पाहा. उभी राहिली, की कोणत्याही कंपनीला तुम्ही ‘येतो’ म्हणू शकता, आणि तिप्पट बिलाला घाबरायचं कारण उरत नाही.

बिलाबद्दल थोडं. पहिला दर गिऱ्हाईक ओढण्यासाठी असतो, म्हणून प्लॅनची तुलना रिन्यूअलच्या दराने करा. तो जाहिरातीखाली बारीक अक्षरांत असतो. वाढ प्रत्येक वेळी लबाडीच असते असंही नाही. २०१९ मध्ये सीपॅनेल या होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कंपनीने परवान्याचा दर खात्यांच्या संख्येवर लावला, तेव्हा प्रामाणिक कंपन्यांनाही दर वाढवावे लागले. नव्या कंपनीकडे पहिल्यांदा एकच वर्ष भरा. तीन-चार वर्षांचे पैसे आधी दिले की सेवा बिघडली तरी पाय निघत नाही.

आणि हलवायची वेळ आली तर जुनं होस्टिंग महिनाभर चालू ठेवा. नव्या जागी साइट पूर्ण चालते हे बघूनच डीएनएस, म्हणजे डोमेन कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदी, बदला. आदल्या दिवशी डीएनएस नोंदींचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची तो काळ, ३०० सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे बदल लवकर पोहोचतो. या नोंदी ठेवणारे नेमसर्व्हर बदलणार असाल तर मेल कुठे पोहोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी आधी कागदावर उतरवून घ्या. त्या राहिल्या तर साइट दिमाखात नव्या जागी उघडते आणि गिऱ्हाइकांचे मेल तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. जुन्या होस्टिंगवरच्या पेट्यांतले मेलही उतरवून घ्या, खातं बंद झालं की तेही पुसले जातात.

प्रश्न : मी हिशेब आणि कर सल्ल्याचं काम करते. साइटवरच्या फॉर्मचे मेल माझ्याच पेटीत स्पॅममध्ये जातात, कधी येतच नाहीत. होस्टिंग कंपनी म्हणते, आमच्याकडून मेल गेलाय. होस्टिंग बदलू का?

उत्तर : बदलू नका, निदान एवढ्यासाठी तरी नको. कंपनी खरं सांगते आहे, मेल तिथून निघतो. पण तो तुमच्या डोमेनच्या नावाने निघतो आणि पाठवणाऱ्या सर्व्हरला हे नाव वापरायची परवानगी आहे का, हे ताडून बघायला मेल घेणाऱ्या सर्व्हरला काहीच मिळत नाही. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, ही ओळख पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी या तीन नोंदी लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झालेत. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत, आणि थोडे मेल पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच. सर्व्हरवरून थेट मेल पाठवण्याऐवजी एसएमटीपी (मेल पाठवायची पद्धत) प्लगिन लावून तुमच्या नेहमीच्या ईमेल सेवेतून फॉर्म पाठवा. आणखी एक गोष्ट तपासा : ‘फ्रॉम’च्या जागी भेट देणाऱ्याचा ईमेल टाकलेला आहे का? बऱ्याच फॉर्ममध्ये तसा असतो, आणि तेवढ्यानेच मेल बनावट ठरतो. तिथे तुमच्या डोमेनचा पत्ता टाका, भेट देणाऱ्याचा ‘रिप्लाय-टू’मध्ये. शेअर्ड होस्टिंगवर शेजारच्या साइटने स्पॅम पाठवून सर्व्हरचा आयपी पत्ता बदनाम केलेला असू शकतो, पण ते शेवटी तपासायचं.

प्रश्न : नवी होस्टिंग कंपनी एसएसएलचे वेगळे पैसे मागते आहे. द्यावेत का?

उत्तर : माहिती देणाऱ्या साध्या साइटला नाही. एसएसएल म्हणजे साइट आणि ब्राउझर यांच्यातली देवाणघेवाण गुप्त ठेवणारं प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून हे प्रमाणपत्र फुकट देते, आणि एन्क्रिप्शन विकतच्या प्रमाणपत्राइतकंच पक्कं असतं. चांगल्या कंपन्या ते आपोआप बसवतात आणि मुदत संपण्याआधी नवंही करतात. ते नसेल तर क्रोम २०१८ पासून पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ दाखवतो, म्हणजे ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. जी कंपनी एवढ्याचेही पैसे लावते, तिच्या बाकीच्या अटी दोनदा वाचा. बॅकअप परत आणायचे पैसे किती, ते आधी.