निकोडेमसवर लिहू पाहणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

सप्टेंबर १८७७ मध्ये केंटकीहून कॅन्ससच्या माळावर आलेली ती मोठी तुकडी ३०० जणांची, ३०८ जणांची की ३५० जणांची याचा छडा लागत नाही, म्हणून निकोडेमसचा, म्हणजे गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी तिथे वसवलेल्या गावाचा, विषयच सोडून द्यावा असं तू लिहिलंयस. मला हे अजिबात पटलेलं नाही. अगं, मोजणारा प्रत्येकजण वेगळ्या घटकेला मोजतो. एलिस स्टेशनवर उतरलेले, तिथून पायी निकोडेमसला पोचलेले, पहिला हिवाळा काढून टिकलेले, या तीन वेगळ्या बेरजा आहेत. त्यांतली एक खरी आणि दोन खोट्या ठरवत बसलीस तर वर्ष संपेल.

माझं सांगणं एकच आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: आधी जमीन. ज्या माणसाबद्दल लिहायचं, त्याचा तुकडा नकाशावर सापडेपर्यंत त्याच्याविषयी एक वाक्यही लिहू नकोस. आपल्याकडे सातबारा हातात नसताना कुणाच्या शेताबद्दल बोलत नाहीत, तसंच हे. या हट्टापायी 'कोरडी' म्हणून माझी संभावना झाली आहे. होऊ दे. गुलामीतून सुटून बारा वर्षं झालेली माणसं तिथे गेली ती १६० एकर स्वतःच्या नावावर व्हावेत म्हणून. त्या एकरांशिवाय त्यांचा इतिहास लिहिणं हाच खरा कोरडेपणा.

आता काम कसं करायचं ते नीट वाच. 'टाउनशिप' या शब्दाने तू फसली आहेस, हे तुझ्या टिपणावरून दिसतं. मोजणीतली टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन. कारभारातली निकोडेमस टाउनशिप हे वेगळं प्रकरण. आणि लॉट-ब्लॉक पाडलेलं गावठाण तिसरंच. शिरगणतीत दिसते ती कारभारातली टाउनशिप, जमिनीच्या कागदात मोजणीतली. तू दोन्हींतली माणसं एकत्र केलीस, म्हणून बेरीज फुगली.

मोजणीच्या चौकोनात ३६ सेक्शन असतात, प्रत्येक ६४० एकरांचा. क्रमांक १ ईशान्य कोपऱ्यात. तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत जायचं, ७ हा बरोबर ६ च्या खाली, मग पूर्वेकडे १२ पर्यंत. असं नांगरासारखं वळत वळत ३६ आग्नेय कोपऱ्यात येतो. डावीकडून १, २, ३ मोजलेस तर माणूस पाच मैल पलीकडे जाऊन पडतो. सेक्शनचा चौथा हिस्सा म्हणजे १६० एकर, वस्ती करणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या १८६२ च्या होमस्टेड कायद्याचा पूर्ण दावा. कागदातलं जमिनीचं वर्णन नेहमी शेवटाकडून वाच: आधी सेक्शन, मग त्याचा चतकोर, मग चतकोराचा अर्धा.

ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या साइटवर पेटंट मिळतं, म्हणजे सरकारने जमीन नावावर केल्याचा कागद. तू तिथेच थांबलीस. पेटंट ही पावती आहे. माल वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या फायलीत आहे. पाच वर्षं राहून झाल्यावर दावेदाराला आणि दोन साक्षीदारांना जबानी द्यावी लागे. घर कधी बांधलं, किती फुटांचं, किती एकर माळ फोडला, विहीर आहे का, घरात माणसं किती, मधे किती महिने बाहेर होतात. बाहेर का होतात याचं उत्तर फार मोलाचं असतं, कारण पोटासाठी दुसरीकडे मजुरीला गेलेला माणूस तिथे सापडतो. साक्षीदार बहुधा शेजारी असतात. त्यांचीही शेतं नकाशावर मांड, म्हणजे कोण कुणाच्या बांधाला होतं हे आपोआप उभं राहतं.

सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून थांबून सांगते. पाच वर्षं ज्यांना काढता आली नाहीत, ज्यांनी दावा सोडला किंवा विकला, त्यांचं पेटंट निघालंच नाही. त्यामुळे ते साइटवर दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ट्रॅक्ट बुकं, म्हणजे दाव्यांच्या नोंदीच्या सरकारी वह्या, चाळाव्या लागतात, सेक्शनवार. फक्त पेटंटवाले घेतलेस तर तुझं निकोडेमस यशस्वी लोकांचंच गाव होईल. दुसरं, सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर भरूनही दावा मोकळा करता येई. अशी फाइल रोख खरेदीच्या गठ्ठ्यात जाते. होमस्टेडच्या गठ्ठ्यात नाव नाही म्हणून माणूस नव्हता असं समजू नकोस. आणि पेटंटनंतरची खरेदीविक्री, गहाणखतं हिल सिटीला ग्रॅहॅम काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे. सातबाऱ्यावर बोजा त्याच कागदावर दिसतो. इथे खरेदी एका वहीत, गहाण दुसऱ्या.

माणसं जोडताना १८८० ची शिरगणती घे, पण १८९० ची शोधत बसू नकोस; १९२१ च्या आगीने ती जवळपास सगळी गेली. कॅन्ससने स्वतःची शिरगणती १८८५ आणि १८९५ मध्ये केली, ती वापर. १८८५ च्या नोंदीत माणूस कॅन्ससला कुठून आला याचा रकाना आहे, आणि शेतीचा तक्ता वेगळा आहे. मागे केंटकीत जायचं तर १८७० ची शिरगणती हा उंबरठा. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे. गुलामांचं फक्त वय, लिंग आणि रंग. वयाच्या अंदाजावर 'हाच तो' असं लिहिलेलं मी खपवून घेणार नाही.

तिथे वस्तीला आलेल्या विलियाना हिकमनची आठवण तू पहिल्याच पानावर घेतलीस: तिने गाव कुठाय असं विचारलं, आणि नवऱ्याने जमिनीतून निघणारा धूर दाखवला, कारण माणसं डगआउटमध्ये, उतारात खोदलेल्या घरात राहत होती. मलाही ती फार प्रिय आहे. पण ती १८७८ च्या वसंतातली आहे आणि फार उशिरा सांगितलेली. तिला १८७७ च्या तुकडीच्या तोंडी घालू नकोस. एलिसपासूनचं अंतरही ऐकीव घेऊ नकोस. नकाशावर सरळ रेषेत ते तीस मैलांच्या आसपास भरतं. पहिल्या हिवाळ्यात ओसेज लोकांनी शिकारीचं मांस दिलं, ही गोष्ट मात्र ठेव, आणि ठळक ठेव.

कृष्णवर्णीयांना कॅन्ससला चला म्हणणाऱ्या पॅप सिंगलटनला निकोडेमसचा संस्थापक केलंयस ते आजच काढ. एप्रिल १८७७ च्या टाउन कंपनीत डब्ल्यू. एच. स्मिथ, सायमन राउंडट्री, झेड. टी. फ्लेचर ही कृष्णवर्णीय मंडळी आणि डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल होता. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं १८७९ चं 'एक्झोडस्टर' स्थलांतर दोन वर्षांनी नंतरचं. एडवर्ड मॅकेबसुद्धा संस्थापक नव्हे. तो १८७८ मध्ये आला, लोकांना दाव्याची जमीन दाखवून देण्याच्या धंद्यात पडला आणि १८८२ मध्ये राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला. बघ, राज्याच्या पदावर गेलेल्या त्या माणसाची सुरुवातही जमिनीपासूनच.

रेल्वेचं प्रकरण तू चार ओळींत उरकलंस, तिथे तुझ्यावर रागावले. १८८७ मध्ये गावाने मिसुरी पॅसिफिकसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. ती रेल्वे आलीच नाही. युनियन पॅसिफिकने रूळ सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून नेले, आणि दुकानं उठून रुळाकाठच्या बोगला गेली. कोणतं दुकान कोणत्या लॉटवरून उठलं ते लॉट-ब्लॉकच्या नकाशावर लाव. 'वेस्टर्न सायक्लोन' आणि 'निकोडेमस एंटरप्राइज' ही गावची दोन पत्रं उपयोगी आहेत, पण त्यांचं काम गावाची जाहिरात करणं हेही होतं. त्यांच्या बातम्यांपेक्षा जाहिराती आणि जमिनीच्या नोटिसा आधी वाच. नोटिशीत दावेदार, सेक्शन आणि साक्षीदारांची नावं असतात.

'मेलेलं गाव' हा शब्द खोडलाय. पोस्ट १९५३ मध्ये बंद झालं, वस्ती मूठभर उरली, हे खरं. पण दुकानं गेली तरी शेतं जागेवर राहिली, आणि शेतांबरोबर घराणी. १९९६ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं, पाच जुन्या इमारतींसह, आणि दरवर्षी जुलैअखेर होमकमिंगला वंशज गावी येतात. तू जाशील तेव्हा छापील नकाशा घेऊन जा, चतकोर आखलेला. 'तुमच्या आजोबांची गोष्ट सांगा' म्हणालीस तर ठरलेली गोष्ट ऐकायला मिळते. नकाशा पुढे करून 'हा चतकोर कुणाचा, विहीर कुठे होती' विचारलंस तर दोन चुलत भावंडं आपसात वाद घालू लागतात, आणि तो वाद शब्दशः लिहून घ्यायचा. त्यांनी दिलेलं नाव कागदातल्या नावाशी जुळलं नाही तर दोन्ही नावं ठेव, कुठलं कुणाकडून आलं ते लिहून.

लेखाचा खर्डा आत्ता पाठवू नकोस. आधी दहा कुटुंबं निवड, त्यांतली निदान तीन पेटंट न मिळालेली. प्रत्येकाचा सेक्शन, चतकोर, दाव्याची तारीख आणि साक्षीदार असा तक्ता कर, आणि नकाशासकट तो पाठव.

तुझी,
बाई