फाईलमधले चार रिपोर्ट

"मॅडम, रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पण लॅबमध्ये माझ्या रक्ताची अदलाबदल झाली असेल तर?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या गृहस्थांनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे विचारलं. वय तिशीच्या पुढचं, हातात प्लॅस्टिकची फाईल. आत एचआयव्हीचे चार रिपोर्ट: तीन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि आठ महिन्यांनी केलेले. चारही निगेटिव्ह. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

निमित्त होतं दाढी करताना सलूनमध्ये लागलेलं ब्लेड. ते नवीन होतं की नाही, हे आठवेना. त्या रात्री मोबाईलवर लक्षणं शोधायला सुरुवात झाली ती थांबलीच नाही. आरशासमोर टॉर्च धरून जीभ बघायची, खिशात थर्मामीटर. मानेतली गाठ दिवसातून इतक्या वेळा चाचपायची की ती जागा दुखरी झाली, मग तेच दुखणं लक्षण ठरलं. धास्तीने जेवण तुटलं, वजन उतरलं, आणि उतरलेलं वजनही पुरावा म्हणून फाईलला लागलं. मुलीचा पापा घेणं बंद, टॉवेल वेगळा.

माहिती कमी होती म्हणाल, तर तसंही नाही. हा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही. तो पसरतो रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधांतून, एकच सुई वापरल्याने, आईकडून बाळाला. लाळेतून, टॉवेलातून, डासातून नाही. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं, दोन्ही शोधणारी) 45 दिवसांनंतर निगेटिव्ह आली, तर त्या प्रसंगापुरता विषय संपतो. हे सगळं त्यांना माझ्याइतकंच पाठ होतं.

इथे माझी चूक कबूल करते. पहिल्या दोन भेटींत मी प्रत्येक शंकेला उत्तर देत बसले. ते हलके होऊन जायचे आणि संध्याकाळी मेसेज यायचा, "फक्त एकच विचारायचं होतं." पहिल्या रिपोर्टने त्यांना दोन-तीन आठवडे झोप दिली होती, चौथ्याने जेमतेम दोन दिवस. मी पाचवा रिपोर्ट झाले होते.

तिसऱ्या भेटीत ठरलं की एचआयव्हीबद्दलच्या शंकांना मी उत्तर देणार नाही. ते चिडले. "मग मी पैसे कशाचे देतो?" रास्त प्रश्न होता. मी म्हटलं, शंका आल्यावर जी तगमग होते ती अंगावर घेऊन बसायला शिकण्याचे. शंकेला शंभर टक्के खात्री हवी असते. तेवढी खात्री तर आज घरी सुखरूप पोहोचण्याचीही कुणी देत नाही, तरी आपण निघतोच की.

मग छोटे छोटे करार झाले. गाठीला हात लावावासा वाटला, की दहा मिनिटं थांबायचं आणि भीती किती ते दहापैकी आकड्यात लिहायचं. वहीत पहिल्या दिवशी 9, 9, 8, 6. हात न लावताही आकडा उतरतो, हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाहिलं. थर्मामीटर बायकोकडे गेला. सगळ्यात अवघड गेला मुलीचा पापा. त्याला पाच आठवडे लागले.

सहाव्या भेटीत खरी बोच बाहेर आली. सलूनच्या आदल्या महिन्यात एका सहकारी बाईशी जवळीक झाली होती. चुंबनापलीकडे काही नाही; त्यातून एचआयव्ही व्हायचं कारण नव्हतं. पण घरी सांगितलेलं नव्हतं. अशा केसेसमध्ये अपराधीपणा आजाराचं सोंग घेऊन येताना मी बरेचदा पाहिलाय. ब्लेडचं नाव घेता येतं, याचं घेता येत नाही. पुढच्या भेटी त्यावरच गेल्या.

एक मात्र सांगून ठेवते. खरोखर जोखमीचा प्रसंग घडला असेल, तर घाबरत बसू नका, समुपदेशकाचीही वाट पाहू नका. 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. संसर्ग टाळणारी 28 दिवसांची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. आणि भीतीपायी झोप-जेवण उडालं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची औषधं घेण्यात कमीपणा नाही. यांनीही काही महिने घेतली.

मधे एकदा मला न सांगता त्यांनी पाचव्यांदा रक्त दिलंच. सांगताना मान खाली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "पण मॅडम, रिपोर्ट आणायला गेलोच नाही."