कोलंबसाने खरंच माणसं पकडून विकली होती का? कादंबरीत दाखवतात ते कितपत खरं?

तुम्ही विचारलंय की, कोलंबसावरच्या एका कादंबरीत तो बेटांवरच्या लोकांना पकडून स्पेनला विकायला पाठवतो असं आलं आहे. शाळेत तर हे कधी शिकवलं नाही, मग हा लेखकाचा मसाला समजायचा की इतिहास?

इतिहास.

मी २३ वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला. ‘१४९२, कोलंबस, अमेरिकेचा शोध’ हे फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतलंय, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे. निवृत्तीनंतर त्याच्या पहिल्या सफरीची रोजनिशी भाषांतरातून सलग वाचली. मूळ रोजनिशी हरवली आहे. आज हाती आहे तो बार्तोलोमे दे लास कासास या पाद्र्याने केलेला गोषवारा, पण त्यात बराच मजकूर कोलंबसाच्याच शब्दांत उतरवलेला आहे. १२ ऑक्टोबरला बहामातल्या ग्वानाहानी बेटावर उतरल्या दिवशीच तो लिहितो की हे लोक चांगले नोकर होतील. दोन दिवसांनी लिहितो की पन्नास माणसं हाताशी असली तर या सगळ्यांना ताब्यात ठेवून हवं ते करून घेता येईल. त्यातल्या काहींना त्याने तिथूनच सोबत घेतलं, भाषा शिकून दुभाषे होतील म्हणून. त्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता.

पण मी अडखळले ती १२ नोव्हेंबरच्या नोंदीपाशी. जहाज क्यूबाच्या किनाऱ्याला होतं. आदल्या दिवशी सहा तरुण होडीतून जहाजापाशी आले, त्यातले पाच वर चढले. कोलंबसाने त्यांना धरून ठेवलं. मग किनाऱ्यावरच्या एका घरी माणसं पाठवून बायका आणि तीन मुलं आणवली. स्वदेशातल्या बायका सोबत असल्या की पुरुष स्पेनमध्ये नीट वागतील, हे कारणही त्याने देऊन ठेवलंय. बायकांसाठी त्याने वापरलेले शब्द आहेत ‘सिएते काबेसास दे मुहेरेस’, म्हणजे बायकांची सात डोकी. दावणीची गुरं मोजावीत तसं.

त्या रात्री एक माणूस एकटाच होडी वल्हवत जहाजाला येऊन लागला. पकडलेल्या एका बाईचा नवरा, तिन्ही मुलांचा बाप. एक मुलगा, दोन मुली. वय पंचेचाळीसच्या आसपास. मलाही यांच्याबरोबर न्या, अशी त्याने फार विनवणी केली. त्याला वर घेतलं, आणि आता सगळ्यांना दिलासा मिळाला आहे, असं लिहून कोलंबस पुढच्या विषयाकडे वळतो.

मी ती नोंद त्या दिवशी पुन्हा पुन्हा वाचली. त्या माणसाचं नाव तिथे नाही, बायकोचं नाही, मुलांचं नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथेच आहे. या विषयावर लिहिणाऱ्याला क्रौर्य कल्पनेतून आणावं लागत नाही, ते पकडणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. लेखकाला आणायचं असतं ते त्या बापाचं नाव. होडी पाण्यात लोटण्याआधी तो कुणाशी काय बोलला. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना काय सांगून निघाला.

आता विक्रीबद्दल. फेब्रुवारी १४९५ मध्ये हिस्पानिओला बेटावर, म्हणजे आजच्या हैती आणि डोमिनिकन रिपब्लिकच्या भूमीवर, कोलंबसाच्या माणसांनी सुमारे १६०० तायनो (त्या बेटांवरचे मूळ रहिवासी) धरून आणले. त्यातली ५५० निवडून चार जहाजांत भरली. उरलेल्यांतून बेटावरच्या स्पॅनिशांनी हवी तेवढी घ्यावीत अशी मुभा दिली, आणि तरीही चारेकशे उरली तेव्हा त्यांना जा म्हणून सांगितलं. हे लिहिणारा मिकेले दा कुनेओ कोलंबसाचा मित्र होता, त्याच जहाजांतून परत गेला. सोडलेल्यांत अंगावर पिणारी मुलं असलेल्या बायका होत्या. आपल्याला पुन्हा धरतील या भीतीने त्या मुलांना वाटेल तिथे जमिनीवर टाकून पळत सुटल्या, असं तो लिहितो. वाटेत सुमारे २०० माणसं मेली, ती समुद्रात टाकली. कुनेओच्या मते कारण थंडी. बाकीच्यांना सेव्हिलमध्ये विकायला काढलं.

तुमच्या कादंबरीत याहून भयंकर काही असेल तर मला आश्चर्य वाटेल.

एका वस्तूकडे मात्र लक्ष ठेवा. शिकारी ससाण्याच्या पायाला बांधायची छोटी घुंगरं कोलंबसाने भेटीदाखल नेली होती. तायनोंना त्यांचा आवाज इतका आवडला की डिसेंबर १४९२ मध्ये ते होडीतून सोन्याचे तुकडे दाखवत ‘चुक चुक’ असं ओरडत घुंगरं मागत होते. पुढे १४९५ च्या सुमारास सोन्याच्या मुलखातल्या १४ वर्षांवरच्या प्रत्येकावर खंडणी बसली: दर तीन महिन्यांनी घुंगराच्या मापाने भरून सोन्याची कणी. सोनं नसलेल्या भागात साधारण साडेअकरा किलो कापूस. भरणा केला की गळ्यात घालायला धातूचा बिल्ला, आणि बिल्ला नसेल तर शिक्षा. नदीच्या वाळूत तेवढं सोनं नव्हतंच. माणसं पेरणी सोडून डोंगरात पळाली आणि मग दुष्काळ पडला. तीन वर्षांपूर्वी ज्याचा नाद ऐकून हसले, तेच घुंगरू माप होऊन बसलं. हे कुठल्याही लेखकाने रचलेलं नाही.

‘ते लोक रोगराईने मेले’ हे उत्तर तुम्हाला हमखास ऐकू येईल. रोगांनी माणसं मेली हे खरंच आहे. पण हिस्पानिओलावर देवीची साथ आली १५१८ च्या अखेरीस, आणि १५१४ च्या मोजणीतच तिथे जेमतेम २६ हजार तायनो उरले होते. आधी किती होते यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण खाणीतली मजुरी, उपासमार आणि पळापळ यांनी गावंच्या गावं ओस पडली होती, ती देवीच्या आधी.

स्पेनच्या राणी इसाबेलाने विक्री थांबवली, असंही सांगतात. अर्धं खरं. १५०० मध्ये तिने विकलेल्या माणसांना परत पाठवायचा हुकूम काढला. लास कासास विद्यार्थी असताना त्याच्या वडिलांनी बेटांवरून आणलेला एक तायनो मुलगा त्याच्या सेवेला होता, तोही असाच परत गेला. पण १५०३ मध्ये त्याच राणीने नरभक्षक ठरतील त्यांना पकडायची परवानगी दिली, आणि कोण नरभक्षक हे ठरवणारे पकडणारेच. बहामातल्या माणसांना तर मोती काढायला वेनेझुएलाजवळच्या कुबाग्वा बेटावर नेलं. ग्वानाहानीसकट ती बेटं रिकामी झाली.

कादंबरी चांगली की वाईट, हे मी दोन गोष्टींवरून ठरवते. तायनो नुसतेच भोळे आणि रडणारे दाखवलेत का? मग लेखकाने अभ्यास केलेला नाही. हिस्पानिओलावरचा तायनो सरदार काओनाबो लढला. त्यांची सरदारीण आनाकाओना हिला १५०३ मध्ये फाशी दिलं. तायनो सरदार एन्रिकियो १५१९ पासून १४ वर्षं त्याच बेटावरच्या बाओरुकोच्या डोंगरात लढत टिकला आणि शेवटी तह करूनच खाली उतरला. आणि दुसरं, पुढे तायनोंची बाजू मांडणाऱ्या लास कासासला देव केलंय का? त्याने स्वतः तायनो मजूर राबवले होते, १५१४ मध्ये सोडले, आणि नंतर त्यांच्याऐवजी आफ्रिकेतून गुलाम आणा असंही सुचवलं. त्याचा पश्चात्ताप त्याने पुढे लिहून ठेवला. असा माणूस जसाच्या तसा रंगवायला धीर लागतो.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं, असं मला वाटत नाही. आपण ‘बटाटा’ म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि त्यांच्याकडे तो पोचला तायनोंच्या ‘बताता’वरून. त्यांच्यासाठी तो रताळ्याचा शब्द होता. पोर्तो रिकोत स्वतःला तायनो म्हणवणारी माणसं आजही आहेत.

कादंबरी पूर्ण वाचा. त्यात ते घुंगरू आलंय का, आणि रात्री होडीतून आलेल्या त्या बापाला लेखकाने काय नाव दिलंय, ते मला जरूर कळवा.