बातमी कितव्या दिवशी पोहोचते?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची फाइल परवा रात्री उघडली, ती काल दुपारी वाचून संपली. ११४० ग्रह, तीन दीर्घिका, प्रत्येक ग्रहापुढे सूर्याचा रंग, दिवसाची लांबी, राजघराणं, चलन. आणि अगदी तळाला तुझा प्रश्न : "सर, विश्व केवढं ठेवू? मोठं केलं की माणसं हरवतात, लहान केलं की विज्ञानकथा वाटत नाही." वाचून पोटात कालवलं. जवळपास याच शब्दांत मी तिशीत वहीत लिहून ठेवलं होतं, आणि उत्तर सापडेपर्यंत नऊ वर्षं गेली.

तुझी मेहनत दिसतेच आहे, त्यावर लिहीत बसत नाही. ग्रह मोजणं आधी थांबव. तुझ्या विश्वाच्या एका टोकाला काही घडलं, तर त्याची बातमी दुसऱ्या टोकाला कितव्या दिवशी पोहोचते? हा आकडा ठरला की विश्व केवढं ते ठरलं. तो ठरला नसेल, तर ११४० काय आणि ११ काय, सगळं सारखंच.

पाचवं प्रकरण काढ. रोहिणी ताऱ्याजवळच्या वसाहतीत बंड होतं आणि इथे सूर्यमालेत बसलेला सम्राट त्याच रात्री आरमार धाडतो. रोहिणी इथून सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर आहे. निरोप प्रकाशाच्या वेगाने निघाला तरी तो सम्राटाच्या नातवाच्या हातात पडेल, आणि नातवाने सोडलेला हुकूम परत पोहोचेपर्यंत १३० वर्षं झालेली असतील. ते बंड करणारं कुणी तिथे उरलेलं नसेल. व्याधाचा तारा घे, निरोपाला एका बाजूने साडेआठ वर्षं. तिथल्या माणसाशी तुला भांडता येईल, पण आयुष्यात चार-पाचच वाक्यांची देवाणघेवाण होईल. हे अडचणीचं वाटतं ना तुला? अगं, गोष्ट तिथेच तर आहे.

तू म्हणशील, माझ्याकडे प्रकाशापेक्षा वेगवान इंजिन आहे. असू दे. माझा त्याला विरोध नाही. पण मग सांग, बातमी जहाजातून जाते की जहाजाच्या पुढे धावते? बातमी जहाजातूनच जात असेल, तर तुझे सुभेदार स्वतःच्या मनाने लढाया करतील. मार्च १७७५ मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी राघोबादादांशी सुरतेचा तह केला, कलकत्त्याच्या आपल्या वरिष्ठांना न विचारता. कलकत्त्याने तो मोडीत काढला आणि मार्च १७७६ मध्ये पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला. त्यानंतर लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचं पत्र आलं : सुरतेचा तह आम्हाला मंजूर आहे! आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून पत्र जायला सहा महिने, यायला सहा महिने. एकाच कंपनीची तीन टोकं, तिघांच्या हातात तीन वेगळ्या तारखांचं जग. असला पेच तू बसून रचू म्हटलंस तर रचता येणार नाही. तो पत्राच्या वेगातून आपोआप निघाला.

बातमी जहाजाच्या पुढे धावत असेल, तर ते तारायंत्राचं युग. १८७० मध्ये मुंबई-लंडन समुद्री तार सुरू झाली. वरच्यांना सगळं लगेच कळू लागलं, पण फौज अजून आठवड्यांच्या अंतरावरच होती. म्हणजे काय चाललंय ते माहीत आहे आणि हात पोहोचत नाही. ही वेगळी यातना, वेगळी कादंबरी. आणि बातमी नि जहाज दोन्ही क्षणात पोहोचत असतील, तर ते दादर आणि ठाणं झालं. मग तारे कशाला हवेत? तुझ्या फाइलमध्ये या तिन्ही पद्धती आहेत, प्रकरणागणिक बदलतात. हे मला चालणार नाही, स्पष्ट सांगतो.

माझे थोरले काका बोटीवर होते. मी तिसरीत असताना एका सकाळी तार आली, ते डर्बनला वारले. रत्नागिरीच्या आमच्या घरात तेराव्यापर्यंतचं सगळं उरकलं. त्यानंतर सहाव्या दिवशी पोस्टमन त्यांचंच पत्र घेऊन आला, जाण्याआधी लिहिलेलं. आजीला वाचता येत नव्हतं, तिने ते माझ्या हातात दिलं. निळा, पातळ कागद, घडीवर थोडा फाटलेला. "कौलं शाकारून घे, मी मिरगाआधी येतो." मी वाचलं. ती म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. तिच्या लेखी तो पुन्हा जिवंत झाला की पुन्हा मेला, मला आजही सांगता येणार नाही. पण जग किती मोठं आहे, ते मला त्या ओट्यावर कळलं. भूगोलाच्या पुस्तकातून कधीच कळलं नव्हतं.

आणि तरीही मी माझ्या पहिल्या कादंबरीत चारशे ग्रह घातले. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागे नकाशे काढले, मुलाच्या खडूंनी रंगवले, त्याला मात्र त्या खोलीत येऊ दिलं नाही. पुस्तक आल्यावर सांगलीहून एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं, एकच ओळ : "सकाळच्या बंडाची बातमी संध्याकाळी राजधानीत कुणी पोचवली?" नऊ वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. ते कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

पुढची कादंबरी मी पृथ्वी आणि मंगळ एवढ्यातच लिहिली. मंगळावर निरोप जायला तीन मिनिटांपासून बावीस मिनिटांपर्यंत लागतात. २०१४ मध्ये मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा साडेबारा लागत होती, म्हणून आज्ञा आधीच काही दिवस चढवून ठेवल्या होत्या. दर २६ महिन्यांनी मंगळ सूर्याआड जातो, आणि साधारण दोन आठवडे तिथल्या यानांना आज्ञा पाठवणं बंद ठेवतात. माझी सगळी गोष्ट त्या दोन आठवड्यांत घडते. खाणीतला संप, आणि विचारायला वर कुणी नाही. एका परीक्षणात 'संकुचित' हा शब्द आला. संपादक म्हणाले, आकाश आटलं तुमचं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आज तर मुळीच पटत नाही. चारशे ग्रहांपेक्षा ते दोन आठवडे मोठे होते. हे मी अजून कुणाशीही भांडून सांगेन.

आणखी एक. तुझ्या ग्रहांवर एकेकच हवामान आणि एकेकच भाषा आहे. इथे रत्नागिरीहून जळगावला गेलं तरी भाषा, भात आणि पाऊस बदलतो. एक ग्रह म्हणजे केवढं प्रकरण असतं! एवढ्यावर थांबतो, याचा राग वेगळा आहे.

सातशेव्या ग्रहाच्या आसपास तुझी एक ओळ आहे. गोदीवर मालाची नोंद ठेवणारी कारकून, तिचा भाऊ बंडात गेलेला. सगळ्या फाइलमध्ये राजघराण्याबाहेरचं, नाव असलेलं ते एकच माणूस. तिला भावाची बातमी कितव्या दिवशी कळते? कोण आणतं? आणि तोवर ती रोज कामावर येऊन वहीत काय लिहिते? हे मला दोन पानांत लिहून पाठव. फाइल पाठवू नकोस. पोस्टाने आलं तरी चालेल, मी वाट बघेन.