जिलेटिन-अल्जिनेटच्या जाळीत पेशी मरतात; अल्जिनेट वाढवावं का?

प्रश्न असा आहे: ५ टक्के जिलेटिन आणि ३ टक्के अल्जिनेटच्या बायोइंकमध्ये (थ्रीडी बायोप्रिंटरने छापायच्या जेलमध्ये) फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतींच्या पेशी, मिसळून जाळी छापता, थर पसरतात, आणि दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पेशी गोल, मेल्यासारख्या दिसतात. अल्जिनेट ५ टक्क्यांवर न्यावं का?

नका नेऊ. आकार सुधारेल, पण इंक ढकलायला दाब वाढवावा लागेल आणि नोझलच्या भिंतीलगतच्या पेशींवर शिअर स्ट्रेसही (घासून ओढणारा ताणही) तेवढाच वाढेल. छापताना आकार धरायचं काम जिलेटिनचं आहे, आणि ते थंडाव्याने घट्ट होतं, म्हणून आधी तापमान बघा.

कार्ट्रिज २४ ते २६ अंशांवर ठेवून निदान अर्धा तास थांबा. डिस्प्लेवरचा आकडा हीटिंग ब्लॉकचा असतो. आतली इंक त्याच्या मागे असते. खात्री करायला नोझल हवेत धरून इंक सोडा. टोकाशी थेंब फुगून नोझलवर चढला तर इंक अजून गरम आहे. गुळगुळीत, सलग तार लोंबली की छापायला घ्या. तार खडबडीत येऊन तुटत असेल तर एक अंश वाढवा, दाबाला हात लावू नका. बेड १० ते १५ अंशांवर असू द्या. नोझल २२ गेजची, म्हणजे ०.४१ मिमीची, आणि शंकूच्या आकाराची घ्या. तिच्यात अरुंद भाग थोडाच असतो, त्यामुळे कमी दाबात काम होतं.

पेशी मिसळताना इंक पातळ होते, हेही अनेकदा हिशेबात धरलं जात नाही. ९ भाग इंकला १ भाग पेशी घेणार असाल तर मूळ इंक जिलेटिन ५.५६ आणि अल्जिनेट ३.३३ टक्के हवी. दोन सिरिंज ल्युअर-लॉकने जोडून सावकाश मिसळा, पिपेटने बुडबुडे होतात.

जाळी इनक्युबेटरमध्ये नेण्याआधीच कॅल्शियम द्या, त्याने अल्जिनेट पक्कं होतं, नाहीतर ३७ अंशांवर जिलेटिन वितळून सगळं बसतं. १.४७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट पाण्यात विरघळवून १०० मिली करा, गाळून निर्जंतुक करा: हे १०० मिलिमोलर. याची ऑस्मोलॅरिटी सुमारे ३०० मिलिऑस्मोल, पेशींना मानवणारी. सलाइनमध्ये बनवलंत तर ती दुप्पट होते. ५ मिनिटं पुरेत. नंतर पीबीएसने (फॉस्फेट असलेल्या सलाइनने) धुऊ नका. फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, पांढरा गाळ येतो आणि जाळी सैल पडते. थोडं कॅल्शियम घातलेलं हेपीस-सलाइन (फॉस्फेटऐवजी हेपीस बफर असलेलं) वापरा.

आता पेशी. गोल दिसली म्हणजे मेली, असं इथे धरता येत नाही. अल्जिनेटमध्ये पेशींना चिकटायला जागाच नसते आणि जिलेटिन तर ३७ अंशांवर हळूहळू बाहेर पडत असतं, म्हणून जिवंत फायब्रोब्लास्टही गोलच राहतात. कॅल्सिन-एएम (जिवंत पेशी हिरव्या) आणि प्रोपिडियम आयोडाइडने (मेलेल्या लाल) रंगवा, छापल्यावर तासाभराने एकदा आणि २४ तासांनी पुन्हा.

सोबत दोन कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी न छापलेले नमुने, हवेतच. एकात तीच इंक मिसळल्याबरोबर साच्यात ओता. दुसऱ्यात ती छपाईइतका वेळ कार्ट्रिजमध्ये ठेवा आणि नोझल काढून ओता. दोन्हींना कॅल्शियम सारखंच. पहिल्यातही पेशी मेल्या तर दोष इंकचा, मिसळण्याचा किंवा कॅल्शियमचा. पहिला ठीक, पण दुसऱ्यात मेल्या तर कार्ट्रिजमधला वेळ जास्त होतोय, कमी इंक भरा. दोन्ही ठीक आणि छापलेलीच खराब असेल, तर मात्र दाब आणि नोझल. आणि रंगवल्यावर पेशी जिवंत, पण गोल निघाल्या, तर छपाईत काही बदलू नका. आरजीडी (पेशींना चिकटायला जागा देणारं पेप्टाइड) जोडलेलं अल्जिनेट किंवा जेलमा (प्रकाशाने पक्कं होणारं, बदल केलेलं जिलेटिन) घ्या.